इभ्रामभायचा शुक्रवारचा खेळ

इभ्रामभायची नोकरी मी घालवली. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. बायकोला सांगितलेलं नाही, भावाला नाही. नमाजानंतर दुवेला हात उचलतानासुद्धा मी ते सरळ शब्दांत कधी म्हटलं नाही. तिथेही 'झाल्यागेल्या चुका' असं मोघम काहीतरी पुटपुटून मी पुढे सरकतो.

मागल्या महिन्यात त्यांच्या मरणाची खबर दोह्यात आली. रजेवरून परतलेल्या एकाने आणली. त्या संध्याकाळी आमची कोकणची मंडळी एका खोलीत जमली, कुराणातली यासीन पढून झाली, चहा आला, आणि चहाबरोबर गोष्टी सुरू झाल्या. इभ्रामभाय म्हटल्यावर गोष्टी निघणारच. रडायला जमलेली माणसं पोट धरून हसायला लागली. मग कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुम्ही त्यांचे सगळ्यांत जवळचे. तुम्ही लिहून काढा. पोरांना वाचायला राहील." दुसरा म्हणाला, "आणि त्या चुगलखोराचंही लिहा हां, ज्यानं त्यांना कंपनीतून घालवलं. अल्ला त्याला बघून घेईल." सगळे पुन्हा हसले. मीही हसलो.

म्हणून लिहायला बसलो आहे.

त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही. दाभोळच्या खाडीकाठचं गाव, मुंबईची गोदी, काही वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत, मग कुठल्यातरी तंबूतल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर, एवढं ऐकून आहे. आणि त्यातलंही निम्मं त्यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलेलं. मी त्यांना पाहिलं ते एकोणीसशे पन्नास-एक्कावन्नच्या सुमाराला, इथे कतारातच, दुखानच्या रस्त्यावरच्या आमच्या कॅम्पात. तेलवाल्यांना माल आणि माणसं पुरवणारी एक ठेकेदार कंपनी होती. आज ती कंपनी नाही, आणि कॅम्पाच्या जागी नुसती वाळू आहे. मी तिथे वेल्फेअरच्या ऑफिसात टायपिस्ट होतो, अर्ज-पत्रं लिहून द्यायचो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. इभ्रामभाय आठवडाभर पंप आणि जनरेटर सांभाळायचे आणि गुरुवार-शुक्रवार सिनेमाची मशीन चालवायचे.

ठेंगणे, मान आखूड, हात मात्र बाईच्या हातासारखे लहान आणि चपळ. उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळंनिळं. आठवडाभर तेलकट डांगरी घालणारा हा माणूस शुक्रवारी पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि अत्तर लावायचा. फिल्म चिकटवायच्या औषधाचा वास आणि हिना, असा एक वास त्यांच्याभोवती असे. तसा वास पुन्हा कुठे आला नाही. उन्हाळ्यात सिनेमाचे डबे तापू नयेत म्हणून ते आपल्या खाटेखाली ठेवायचे, वर ओलं गोणपाट, आणि गोणपाटाला वारा लागावा म्हणून पंखा डब्यांकडे वळवून स्वतः घामात झोपायचे. मी एकदा म्हटलं, "इभ्रामभाय, पंखा तुमच्यासाठी दिलाय." तर म्हणाले, "मी घरचा हाय. ते पावणे हायत."

सिनेमाचे डबे बहारीनहून विमानाने यायचे. गुरुवारी संध्याकाळी साहेब लोकांचा खेळ त्यांच्या क्लबात. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं की आमचा, मेसच्या लांबलचक पत्र्याच्या हॉलमध्ये. खिडक्यांना ब्लँकेटं ठोकायची, दारं लावायची, आणि आत शे-दीडशे माणसं जमिनीवर मांडी घालून. शनिवारी सकाळी डबे परत. सिनेमा इंग्रजी. इंग्रजी कळणारे आमच्यात चौघे-पाच.

तर इभ्रामभाय सांगायचे. मशीनचा आवाज बारीक करायचा, हातात मायक्रोफोन घ्यायचा आणि पडद्यावरची माणसं काय बोलताहेत ते आपल्या रत्नागिरीकडच्या बोलीत सांगत जायचं. मध्येच बलुची ड्रायव्हरांसाठी दोन वाक्यं हिंदुस्तानीत. पडद्यावरच्या माणसांची इंग्रजी नावं ते ठेवायचेच नाहीत. हिरो दिसला की 'आपला दाऊद'. म्हातारा प्रेमळ असला तर 'मामू'. आणि पोटसुट्या, श्रीमंत, सगळ्यांवर डाफरणारा कुणी आला की तो 'खोत'. खोताच्या जमिनी कसून आलेली माणसं ती. खोत म्हटल्यावर पुढचं काही सांगावं लागत नसे.

खेळ संपला की ते दारात उभे राहायचे. लग्नात यजमान उभा राहतो तसे. बाहेर पडणाऱ्या एकेकाला विचारायचे, "पोट भरला?" मी त्यांच्या तोंडून सिनेमाला 'चांगला' किंवा 'वाईट' असं कधी ऐकलं नाही. पोट भरलं की नाही, एवढंच. सिनेमा रद्दी निघाला तर हात जोडून म्हणायचे, "आज जरा कमी पडला. माफी करा." जणू त्यांनीच तो काढला होता.

एकदा विमान चुकलं, डबे शुक्रवारीच आले, आणि बहारीनवाल्यांनी त्यांवर आकडे उलटसुलट चिकटवलेले. तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लागलं. हिरोला गोळी लागली, तो मेला, त्याला पुरला, आणि पुढच्या रिळात तोच गडी बागेत पोरीबरोबर नाचतोय. हॉलमध्ये गलका झाला. इभ्रामभाय शांतपणे मायक्रोफोनवर म्हणाले, "थांबा रे, ओरडू नका. हा जुळा भाव हाय. दुबईला होता, आज आला." गलका थांबला. पुढचा आठवडाभर कॅम्पात दोन तट होते, मेलेला भाऊ चांगला की दुबईवाला. मी एकाला खरं काय ते सांगायला गेलो, तर त्याने मलाच वेड्यात काढलं. "मास्तर, तुम्ही झोपला होतात."

आणि एकदा एक बलुची ड्रायव्हर, चांगला सहा फुटी, पडद्यावरच्या नायकाच्या मरणाने ढसाढसा रडायला लागला. इभ्रामभायने मशीन बंद केली, दिवा लावला, त्याच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं की तो नट जिवंत आहे, लंडनात त्याचं घर आहे, आता या वेळेला तो मासळी खात असेल. ड्रायव्हरने विचारलं, "कसम?" म्हणाले, "कसम." मग डोळे पुसून तो म्हणाला, "यल्ला, चलाओ." तेव्हा पुढचं रीळ लागलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या वेळी कॅम्पात फक्त मला ठाऊक होती. इभ्रामभायना इंग्रजी येत नव्हतं. बोटीवर काम केलेला माणूस, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं, येतच असणार. दर गुरुवारी साहेबांच्या खेळाला, क्लबाच्या मागच्या खोलीत मशीनशेजारी रिकाम्या खोक्यावर मी बसायचो. भोकातून पडदा बघायचा आणि त्यांच्या कानात हळूच अर्थ सांगायचा. मी दहा वाक्यं द्यायचो, शुक्रवारी त्यांची शंभर व्हायची. शाबासकी त्यांना मिळायची. "काय सांगतात इभ्रामभाय! इंग्रज पण गार!" मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकायचो. वाईट वाटायचं का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं. आज विचारलं तर, हो. त्यांनी मात्र स्वतःहून दोनदा म्हटलं होतं, "मास्तर, सांगू काय सगळ्यांना, इंग्लिश तुझा म्हणून?" मीच नको म्हटलं. थोरपणा दाखवायला.

तो सिनेमा आला एकोणसाठच्या थंडीत.

लंडनची पोरं. शाळा सोडलेली, केसांना तेल, एकाच्या गळ्यात गिटार. एका गल्लीत ती कॉफीचं दुकान काढतात, घरमालकाला ते नको असतं, एवढीच गोष्ट. विनोदी म्हणून पाठवलेला. इतका गरीब सिनेमा मी त्याआधी पाहिला नव्हता. सतरा वर्षांची म्हणून दाखवलेली पोरं चांगली तिशीची, एकाला तर टक्कल पडायला लागलेलं. सगळा सिनेमा एकाच गल्लीत. पाऊस पडायचा तो फक्त माणसाच्या अंगावर. मागचा रस्ता कोरडा ठणठणीत. एकदा वरून मायक्रोफोन खाली आला आणि लाजून परत वर गेला. विनोद म्हणजे घरमालकिणीचं मांजर कुणाच्या तरी टोपीत बसतं. ते तीनदा बसलं.

इभ्रामभाय भोकातून बघता बघता म्हणाले, "मास्तर, ही बस चौथ्यांदा गेली. तोच डायव्हर, तीच म्हातारी खिडकीत."

"एकच बस परवडली असेल त्यांना."

"म्हातारी बिचारी उतरायची कधी?"

पलीकडे क्लबात कुणी हसत नव्हतं. दुसरं रीळ संपेपर्यंत खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. आमचा वेल्फेअरचा साहेब, जाडा, टकला, तोंडात पाइप, तो तर तेवढ्यातच उठून बारकडे गेला. शेवटचं रीळ आम्ही दोन मेमसाहेब आणि एका कुत्र्यासाठी चालवलं.

"इभ्रामभाय," मी म्हटलं, "उद्या ह्यात सांगायला काही नाही. खलास आहे हा सिनेमा. सरळ माफी मागा आणि बंद करा."

ते डबा पुसत होते. म्हणाले, "सहा दिवस रेतीत काम करून येतात, मास्तर. त्यांना काय सांगू, आज चूल पेटली नाय?" मग, "तो चष्मेवाला पोरगा कोण रे? तो बरा वाटला मला."

त्या सिनेमात एक किडकिडीत चष्मेवाला पोरगा होता. गिटारवाल्याची पेटी उचलणारा, दुसऱ्यांना पत्रं लिहून देणारा. सिनेमावाल्यांनी त्याला कोपऱ्यात उभा करून ठेवला होता आणि मग विसरून गेले होते. मी म्हटलं, "तो कुणी नाही."

शुक्रवारी हॉल नेहमीसारखा भरला. इभ्रामभायने शर्ट घातला होता. मायक्रोफोन घेतला आणि पहिल्याच वाक्यात लंडन नाहीसं केलं. ती गल्ली झाली बंदरावरची पाखाडी. कॉफीचं दुकान झालं चहाचं हॉटेल. टक्कल पडलेला सतरा वर्षांचा गडी आला तेव्हा म्हणाले, "ह्याचा वय सतराच हाय, पण घरात बहिणी पाच." दीडशे माणसं हसली. मागून बस गेली की सगळा हॉल त्यांच्याबरोबर ओरडायचा, "म्हातारे, उतर!" घरमालक आला, जाडा, टकला, तोंडात पाइप. "खोत आला रे." त्याने पोरांच्या हॉटेलाचं पाणी तोडलं, ते पडद्यावर होतंच, इभ्रामभायने जोडलेलं नव्हतं. पोरं बादल्यांनी, टोप्यांनी, गिटारच्या पेटीतून पाणी आणायला लागली तेव्हा माणसं गुडघ्यांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मग तो चष्मेवाला आला.

"हा मास्तर," इभ्रामभाय म्हणाले.

माझी एक सवय आहे. बोलण्याआधी चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, डोळ्यांवर चढवायचा आणि म्हणायचं, "तसं बघायला गेलं तर." पडद्यावरचा पोरगा चष्मा पुसायला लागला आणि हॉलमध्ये माझा आवाज आला. हुबेहूब माझा. "तसं बघायला गेलं तर, खोतसाहेब, पाणी ही वस्तू ओली असते." त्या दुपारचं सगळ्यांत मोठं हसू तेव्हा उठलं. पत्रा दणाणला. माणसं पडदा सोडून वळली आणि माझ्याकडे बघून हसली. पोरगा चालला की इभ्रामभाय म्हणायचे, "पँटीची घडी मोडेल म्हणून मास्तर खेकड्यासारखा चालतो," आणि पुन्हा तेच. माझ्या शेजारच्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसत होतो. माझे गाल दुखत होते.

शेवटच्या रिळात चष्मेवाला एका मुलीला काहीतरी विचारतो आणि ती मान हलवून निघून जाते. त्या वर्षी मला स्वतःला एक नकार आला होता. गावाकडचं ठरत आलेलं लग्न; मुलगी नको म्हणाली. ते मी फक्त इभ्रामभायना सांगितलं होतं. मला वाटलं, आता ते तेही सांगणार. त्यांनी आवाज खाली आणला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाले, "नको म्हणाली तर म्हणाली. पोरगा सोन्यासारखा हाय. तिचा नशीब." हॉलमध्ये कुणीतरी "खरं हाय" म्हणालं.

टिंगल मी कदाचित पचवली असती. ती दया मला पचली नाही. खेळ संपल्यावर दारात त्यांनी विचारलं, "मास्तर, पोट भरला?" मी उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच.

शनिवारी सकाळी साहेबाने आत बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता, हे मला लिहिलं पाहिजे. त्याच महिन्यात पिण्याच्या पाण्यावरून कॅम्पात कुरबुर चालली होती. टाकी उन्हात, पाणी कढत. माणसांनी दोनदा अर्ज दिला होता, दोन्ही वेळा टाइप मीच केला होता. साहेबाचं डोकं त्यातच होतं.

"काल मेसमधून हसण्याचा आवाज माझ्या बंगल्यापर्यंत आला," तो म्हणाला. "तो सिनेमा मी पाहिलाय. निम्मा. त्यात हसण्यासारखं काहीही नाही. तुझा मित्र त्यांना काय सांगत होता?"

"गोष्टच सांगत होता, साहेब."

"मला लिहून दे. इंग्रजीत. जसंच्या तसं."

मी टेबलापाशी आलो आणि कागदात कार्बन घातला. दोन पानं झाली. माझी आठवण चांगली आहे. जवळजवळ शब्दशः उतरलं. पाखाडी, हॉटेल, बस, म्हातारी, खोत, खोताचा पाइप, तोडलेलं पाणी, बादल्या, टाळ्या. चष्मेवाला आला तिथे हात थांबला. साहेबाच्या टेबलावर माझ्याच हाताने लिहून ठेवायचं की दीडशे मजूर मला हसले? मी ज्यांचे अर्ज टाइप करतो, ज्यांच्यापुढे जरा ताठ चालतो, ते? माझ्या चालण्याला हसले? मी तो पोरगा गाळला. सिनेमावाले त्याला विसरले होते, इभ्रामभायने त्याला उभा केला होता, मी त्याला पुसून टाकला. दोन पानांत तो कुठेच नाही.

साहेबाने वाचलं. पाइप बाजूला ठेवला.

"खोत म्हणजे काय?"

"आमच्याकडचा जमिनीचा मालक, साहेब. गावाकडून वसुली करणारा."

"आणि त्याने पाणी तोडलं."

"ते सिनेमातच आहे, साहेब. तुम्ही गेल्यानंतर." हे मी म्हटलं. एवढं मात्र मी म्हटलं होतं.

"असेल. पण सगळ्यांत मोठा हशा आला, तो कुणावर? मला ते ह्यात दिसत नाही. ती माणसं हसत कुणाला होती?"

खिडकीबाहेर पंपाचा आवाज येत होता. इभ्रामभाय पंपावरच असणार. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी चष्मा काढला, शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला.

"मला सांगता येणार नाही, साहेब," मी म्हणालो.

त्याने स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि मान हलवली. त्याला कळलं होतं. म्हणजे, त्याला जे कळलं ते मी कळू दिलं.

पुढच्या शुक्रवारी मायक्रोफोन नव्हता. सिनेमा इंग्रजीतच चालला, माणसं अर्ध्यातून उठून गेली. त्यानंतरच्या आठवड्यात इभ्रामभायचं पत्र आलं, कंपनीला आपल्या सेवेची गरज उरलेली नाही म्हणून. ते टाइप मी केलं. आणि संध्याकाळी ते घेऊन इभ्रामभाय माझ्याच खोलीवर आले, कारण वाचून दाखवणार कोण?

मी वाचून दाखवलं.

"कारण काय लिवलाय?"

"कारण लिहिलेलं नाही, इभ्रामभाय."

पत्राची नीट घडी करून त्यांनी खिशात ठेवलं. म्हणाले, "नवा माणूस येईल त्याला सांग, दुसऱ्या मशीनचा पट्टा ढिला हाय. आणि डब्यांवर ओला गोणपाट टाकायचा." मग दारात थांबून, "तू जेवलास काय?"

माणसं साहेबाकडे जायला निघाली होती, अर्ज करणार होती. अर्ज कुणी टाइप करायचा, तर मी. मी म्हटलं, घाई नको, साहेब आत्ता तापलेला आहे, उगाच तुमच्यावरही येईल. माझं ऐकलं सगळ्यांनी. मास्तर सांगतो म्हणजे विचार करूनच सांगत असेल.

ते गावी गेले नाहीत. उत्तर किनाऱ्यावर अल रुवैसला एका कतरी नाखव्याने त्यांना ठेवून घेतलं, लाँचची इंजिनं सांभाळायला. अडीच-तीन वर्षांनी मला कामासाठी उत्तरेला जावं लागलं. तोवर मी ती कंपनी सोडून दोह्यात एका व्यापाऱ्याकडे लागलो होतो. लग्नही झालं होतं. लॉरीने रुवैसला पोचलो तेव्हा ओहोटी होती. मचवे वाळूवर कलंडून पडले होते आणि एका लाँचच्या पोटातून दोन लहान हात वर आले, काळंनिळं नख, मग डोकं.

"मास्तर!"

त्यांनी मला मिठी मारली नाही, कारण हात तेलकट होते, कोपरांनीच धरलं. केस पिकले होते. दात एक कमी होता. किनाऱ्यावर चटई घातली, चहा केला, तळलेली सुरमई पुढे ठेवली. ते रुवैसच्या कोळ्यांना सिनेमे सांगतात, असं कळलं. पडदा नाही, मशीन नाही, नुसतेच. अर्धी अरबी, अर्धी हातवाऱ्यांनी. "बसची म्हातारी इथे पण फेमस झाली," म्हणाले. "नाखवा रोज विचारतो, उतरली काय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. चहाच्या पेल्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, एक विचारीन म्हणतो. खरा सांग. त्या दिवशी तुला वाईट वाटला ना?"

"कुठल्या दिवशी?"

"मी त्या पोराला तुझी चाल दिली. तुझा बोलणा दिला. दारात तू उत्तर दिला नायस तेव्हाच मला कळला. मी रात्रभर म्हणत होतो, सकाळी जाऊन माफी मागीन. मग ते पत्राचा झाला आणि राहून गेला." त्यांनी डोळे वर केले. "मला वाटता, म्हणूनच माझी नोकरी गेली. दोस्ताचा चारचौघांत हसा केला, अल्लाला आवडला नाय. माफ कर, मास्तर."

समोर समुद्र होता, आम्ही दोघंच होतो, कुणी ऐकणारं नव्हतं. यापेक्षा सोपी जागा मला कुणी करून देणार नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या इभ्रामभाय. खलास. मी कधीच माफ केलं."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. खरोखर, पोरासारखा. उठले, आणखी एक तुकडी माझ्या ताटात टाकली.

लॉरी निघाली तेव्हा ते बाजूला उभे होते, डांगरीत, पण दारात उभे राहायचे तसेच, हात पुढे बांधून. ड्रायव्हरने गिअर टाकला. ते दोन पावलं लॉरीबरोबर चालत आले आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "पोट भरला?"

मी मान हलवली. धूळ उडाली आणि ते त्यात दिसेनासे झाले. नंतर ते गावी गेले. मी तीनदा रजेवर कोकणात जाऊन आलो. खाडी ओलांडली की त्यांचं गाव. मी ओलांडली नाही.

दोन पानांची कार्बन कॉपी माझ्या ट्रंकेत आहे. ज्यांना चुगलखोर कोण ते हवं होतं, त्यांनी येऊन बघावी. खाली टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं आहेत, ती माझी.

त्या शुक्रवारी माणसं साहेबाला हसली नव्हती. ती मला हसली होती. साहेबाने विचारलं तेव्हा हे सांगायचं होतं, आणि ते मी सांगितलं नाही हे रुवैसला इभ्रामभायना सांगायचं होतं. दोन्ही वेळी न बोललेलं ते मी अजून त्यांचं देणं लागतो.